मार्क क्यूबन कर्तबगार, की फुगा फुटायच्या आत विकून मोकळा झालेला?

गंगापूररोडकर
रविवारी मिसळ खाताना मित्र म्हणाला, "मार्क क्यूबन? त्याला लॉटरी लागली, बाकी काही नाही." मला हे अजिबात पटलं नाही. अमेरिकेतल्या 'शार्क टँक' या टीव्ही कार्यक्रमात, जिथे नवे धंदेवाले भांडवल मागायला येतात, २०११ पासून २०२५ पर्यंत पैसे लावणारा म्हणून दिसलेला हा माणूस डॅलसमध्ये कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होता. सकाळी दुकान उघडायचं सोडून गिऱ्हाइकाकडे चेक आणायला गेला, म्हणून मालकाने काढून टाकलं. मग स्वतःची मायक्रोसोल्युशन्स ही कॉम्प्युटर नेटवर्कची कंपनी काढली. तिथे रिसेप्शनिस्टनेच बँकेतल्या ८४ हजार डॉलरपैकी ८२ हजार लांबवले. तरी धंदा सावरला आणि १९९० मध्ये ६० लाख डॉलरला विकला. त्यानंतरचं ब्रॉडकास्ट डॉट कॉम, म्हणजे इंटरनेटवर रेडिओ आणि सामने ऐकवणारी कंपनी, १९९९ मध्ये याहूने ५७० कोटी डॉलरला घेतली. सात वर्षं लोकांच्या ऑफिसात नेटवर्क जोडत फिरलेल्या माणसाला लॉटरीवाला म्हणायचं?

सातपूर जॉबवर्क
म्हणायचं. पहिल्या कंपनीबद्दल आदर आहे, पण अब्जाधीश तो दुसरीमुळे झाला. ती तोट्यात होती आणि याहूने काही वर्षांत गुंडाळूनही टाकली. ५७० कोटी डॉलर देऊन याहूच्या हाती काय उरलं? माझ्याकडे दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं) आणि नऊ पोरं आहेत. एका जॉबमध्ये दहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, फरक पडला तर अख्खा लॉट परत येतो. आम्ही असं काही विकलं असतं तर गिऱ्हाइकाने दारात उभं केलं नसतं.

निफाडचा बागाईतदार
विक्रीवरच सगळे अडकलेत. खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. त्याला मुख्यतः याहूचे शेअर मिळाले होते, रोख नाही. त्याने असा सौदा करून ठेवला की भाव ठरावीक आकड्याखाली गेला तर झळ समोरच्याला लागेल. त्या बदल्यात एका पातळीवरचा फायदा त्याने सोडून दिला. पुढे इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला आणि २००० ते २००१ मध्ये याहूचा शेअर ९५ टक्क्यांहून जास्त घसरला. कागदावर श्रीमंत झालेले कितीतरी जण त्यात धुतले गेले. हा वाचला.

आम्हाला हे लगेच कळतं. एका वर्षी जानेवारीत, घडात साखर भरायच्या आतच, मी द्राक्षाचा बाग व्यापाऱ्याला ठरवून दिला. भाव किलोला दहा रुपये कमी होता. शेजारी म्हणाला, घाई केलीस. फेब्रुवारीत रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला, सकाळी त्याच्या बागेत बॅटरी घेऊन फिरलो तर प्रत्येक घडात तडकलेले मणी. तो काही बोलला नाही, नुसता घड हातात धरून उभा होता. दहा रुपये सोडायला छाती लागते, दादा. (आणि आधीच्या वर्षी एक व्यापारी माझे दोन टेम्पो माल उचलून पसार झाला होता, त्यामुळे ८२ हजारांची गोष्ट मला वेगळी समजावून सांगायला नको.)

सातपूर जॉबवर्क
भाऊ, तुमची द्राक्षं कोणीतरी खाल्ली. तिथे माल होता. त्याच्या सौद्यात पलीकडच्याचं नुकसान झालं, एवढंच. धूर्तपणा मान्य, पण त्याला मी उद्योग म्हणत नाही. २०२१ मध्ये त्याच्या बास्केटबॉल संघाने व्हॉएजर नावाच्या क्रिप्टो कंपनीशी करार केला, त्याने स्वतः तिची भलामण केली. २०२२ च्या जुलैमध्ये ती दिवाळखोरीत गेली. स्वतःच्या शेअरला कुंपण घालणाऱ्याने लोकांना तिकडे का पाठवावं?

इंदिरानगर
व्हॉएजरचं मला पण खटकतं. आणि २०१८ मध्ये त्याच्याच संघाच्या ऑफिसातल्या बायकांच्या छळाच्या तक्रारी चौकशीत खऱ्या निघाल्या. त्याने महिला संस्थांना एक कोटी डॉलर दिले, पण मालकाला इतकी वर्षं पत्ता नव्हता हे मी ऐकून घेणार नाही.

तरी एक गोष्ट त्याच्या बाजूची. 'शार्क टँक'मध्ये येणाऱ्या प्रत्येकाकडून, सौदा होवो न होवो, ५ टक्के हिस्सा किंवा नफ्यातले २ टक्के घ्यायची सोय निर्मात्यांनी करारात ठेवली होती. हे काढा, नाहीतर मी येत नाही, असं तो अडून बसला आणि २०१३ मध्ये ते कलम गेलं. आपल्या मालेगाव तालुक्यातला जुगाडू कमलेश फवारणीची हातगाडी घेऊन भारतातल्या 'शार्क टँक'मध्ये गेला, तेव्हा तिथे पैसे लावणाऱ्या, लेन्सकार्टच्या पीयूष बन्सलने १० लाखांना ४० टक्के हिस्सा घेतला, वर २० लाख बिनव्याजी दिले. गावाकडच्या माणसाच्या हिश्शातला एकेक टक्का किती महाग असतो, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

सिडको मेडिकल
२०२२ मध्ये त्याने औषधांची कंपनी काढली, त्याबद्दल कोणीच बोलत नाही. खरेदीची किंमत, वर १५ टक्के, औषध काढून देण्याची मजुरी आणि पोस्टेज. सगळा हिशेब गिऱ्हाइकासमोर उघडा. मी काउंटरवर रोज बघतो, म्हातारी माणसं चिठ्ठी पुढे करतात, किंमत ऐकून म्हणतात, "पाचच गोळ्या कापून द्या." मग मी कात्रीने स्ट्रिप कापतो. अमेरिकेत तर किमती आपल्या कितीतरी पट. तिथे खरेदीची किंमत लिहून दाखवणं म्हणजे मधल्या सगळ्या दलालांशी वैर घेणं.

सातपूर जॉबवर्क
औषधांचं मान्य. त्या एका कंपनीसाठी मी त्याला उद्योजक म्हणेन. १९९९ साठी नाही.