ल्युपसमध्ये जनुकक्रम तपासून कारण सापडते का?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते तो आजार, आहे. संपूर्ण जनुकक्रम वाचल्यास या आजाराचे नेमके कारण कळू शकते का, की केवळ धोक्याचा अंदाज मिळतो?

उत्तर १ : क्वचित कळते. २०२२ साली रोगप्रतिकारशास्त्रज्ञ कॅरोला विनुएसा आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात स्पेनमधील एका मुलीचा अभ्यास मांडला. सातव्या वर्षीच तीव्र ल्युपसचे निदान झालेल्या या मुलीच्या टीएलआर-७ जनुकात एकच अक्षर बदललेले होते. परिणामी, या जनुकापासून बनणारे, एरवी विषाणूंचा आरएनए (जनुकीय माहिती वाहणारा रेणू) ओळखणारे प्रथिन आरएनएचाच एक घटक असलेल्या ग्वानोसिनला अतिसंवेदनशील झाले आणि प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटली. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने तोच बदल उंदरांत घडवल्यावर त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला. माझ्या दृष्टीने खरा भक्कम पुरावा हाच.

उत्तर २ : टीएलआर-७ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रियांत ही गुणसूत्रे दोन असतात व त्यांतील एक सहसा निष्क्रिय असते; पण त्यांच्या काही प्रतिकारपेशींत या जनुकाच्या दोन्ही प्रती कार्यरत राहतात. ल्युपसचे बहुसंख्य रुग्ण स्त्रियाच असण्यामागचे हे एक कारण मानले जाते.

उत्तर ३ : मात्र बहुतेक रुग्णांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, त्यामुळे आजार बालवयात सुरू झाला असेल किंवा कुटुंबात अनेकांना असेल, तरच या चाचणीतून ठोस उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. आपल्या बहिणीचे निदान कोणत्या वयात झाले?

प्रश्नकर्ती : नवव्या वर्षी. आता तिच्या डॉक्टरांशी याविषयी नक्की बोलते.