नदीत मस्कीसाठी जिवंत सकर: क्विक-स्ट्राइक जोडणीच का हवी?

नदीकाठ (विस्कॉन्सिन), प्रस्ताव

उत्तर विस्कॉन्सिनमधील फ्लॅम्बो आणि चिपेवा या नद्यांवर मी गेली काही वर्षे मस्कीसाठी गळ टाकतो. मस्की, म्हणजेच मस्कलंज हा मोठा शिकारी मासा, १९५५ पासून या राज्याचा अधिकृत मासा आहे. पाणी गार होऊ लागले की तो सुस्तावतो, आणि तेव्हा बारा ते पंधरा इंचांचा जिवंत सकर हे सर्वांत खात्रीचे आमिष ठरते. सकर म्हणजे तळाचे खाणे चोखून घेणारा, खालच्या अंगाला तोंड असलेला मासा. तो गळाला कसा लावावा, यावर इथल्या मराठी मंडळींत दोन तट आहेत, म्हणून माझे मत सविस्तर मांडतो.

पहिल्या वर्षी मला एका जुन्या जाणत्या गृहस्थांनी सांगितले होते की, सकराच्या ओठात एकच मोठा गळ अडकवावा आणि मस्कीने सकर धरला की सिगारेट ओढून होईपर्यंत थांबावे. मी तसेच केले. मासा मिळाला, पण गळ पोटात गेला होता. दोरी कापून मी त्याला पाण्यात उभा धरला. अर्ध्या तासाने तो माझ्या हातातून सुटला आणि थोड्याच अंतरावर पांढरे पोट वर करून प्रवाहाबरोबर वाहत गेला. विस्कॉन्सिनमध्येच झालेल्या अभ्यासात असे गळ गिळलेल्या मस्कींपैकी बहुतांश वर्षभरात मेल्याचे आढळले आहे. म्हणजे जो मासा पोहत निघून गेला तो वाचला, असे आपण समजत होतो तेही खोटे होते.

क्विक-स्ट्राइक जोडणीत, म्हणजे मस्कीने सकर धरताच लगेच झटका देता येईल अशा मांडणीत, सकर एका लहान क्लिपने नाकापाशी धरलेला असतो आणि लीडरवरचे, म्हणजे दोरीच्या टोकाला जोडलेल्या तारेवरचे, दोन तिहेरी गळ त्याच्या अंगालगत असतात. एक छातीच्या पराजवळ, दुसरा पाठीच्या पराच्या किंचित मागे. गळ मांसात रुतवायचे नाहीत. दाभणाने कातडीखालून एक बारीक रबरबँड ओवायचा आणि त्यात गळाचे एकच टोक अडकवायचे, म्हणजे झटका बसताच रबर तुटते, गळ मोकळे होतात आणि मस्कीच्या जबड्यात बसतात. गारठलेल्या बोटांनी हे करताना सकर हातात वळवळतो; ओला हातमोजा घालून त्याचे डोळे झाकले तर तो बराच शांत राहतो.

नदीत नाकाचा आधार फार मोलाचा आहे. पाठीत गळ घातलेला सकर प्रवाहात आडवा होतो, गरगर फिरतो आणि थोड्याच वेळात थकून मरतो. नाकाने धरलेला मात्र तोंड प्रवाहाकडे करून पोहत राहतो. लीडरच्या वर फूटभर अंतरावर शिसे लावावे, आणि नाव प्रवाहाच्या गतीपेक्षा किंचित हळू उतरू द्यावी.

गरीवाला (मूळचा मालवणचा, सध्या मिनेसोटा)

नदीकाठसाहेब, गिळलेल्या गळाबद्दल आपण जे लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावरून दोन तिहेरी गळांपर्यंत, म्हणजे सहा टोकांपर्यंत, जाण्याचे कारण मला पटत नाही. आमच्या घरी तीन पिढ्या गरवण्यात गेल्या, आणि लहानपणापासून ऐकले ते हेच की माशाच्या तोंडात जितकी कमी टोके, तितका तो लवकर सुटतो. मी जाळ्यात घेतलेल्या एका मस्कीचा एक गळ जबड्यात आणि दुसरा थेट डोळ्याच्या खोबणीत बसला होता. तो सोडवताना गळाची दोन टोके कटरने तोडावी लागली, आणि तोवर मासा जाळ्यात लोळून थकून गेला.

त्यामुळे मी सकराच्या वरच्या ओठातून एकच मोठा, बाक नसलेला सर्कल हुक घालतो. सर्कल हुक म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, आणि बाक नसलेला म्हणजे ज्याचे टोक दांडीच्या रेषेतच असते, बाजूला कलत नाही. बाक असलेला सर्कल हुक घशातही अडकू शकतो, म्हणून हा भेद किरकोळ समजू नये. मस्की सकर घेऊन चालू लागला की झटका द्यायचा नाही. दोरी ताणून सावकाश गुंडाळत राहायचे, म्हणजे हुक घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. आपल्या विस्कॉन्सिनचा नियमही आठ इंचांपासून पुढच्या आमिषासाठी असा सर्कल हुक मान्य करतो. अन्य कोणत्याही गळाला ओढ जाणवताच झटका देण्याचे बंधन आहे.

नदीकाठ

गरीवाला, डोळ्याची इजा मी नाकारत नाही. म्हणूनच मी गळांचे काटे पकडीने दाबून टाकतो आणि कटर नेहमी हाताशी ठेवतो. माझी अडचण वेगळी आहे. मस्की सकराला मधोमध, आडवा धरतो. पंधरा इंचांच्या सकराच्या ओठातला हुक तेव्हा त्याच्या तोंडाबाहेरच असतो. लगेच ताण दिला तर सकर निसटतो, आणि थांबले तर मासा त्याला डोक्याकडून फिरवून गिळू लागतो. म्हणजे आपण पुन्हा त्या सिगारेटच्या वेळेपाशीच येतो, फक्त गळाचा आकार बदललेला असतो.

गरीवाला

सकर लहान वापरावा, हे माझे उत्तर आहे. मी दहा इंचांच्या वर जात नाही, आणि तेवढ्यात हुक जबड्याच्या आतच राहतो. मोठ्या आमिषाला मोठा मासा लागतो हे खरे असले, तरी मिनेसोटात ५४ इंचांखालचा मस्की ठेवताच येत नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक मासा सोडायचाच असतो. सोडायच्या माशासाठी जोडणी निवडताना तो किती सहज लागतो यापेक्षा किती सहज सुटतो हे मी आधी पाहीन. शिवाय नदीत दोरीला झोळ पडतो. त्या झोळातून दिलेला झटका माशापर्यंत उशिरा आणि अर्धाच पोहोचतो, आणि आपली जोडणी तर सगळी त्या झटक्यावर उभी आहे.

थंडपाणी (न्यूयॉर्क राज्य)

आपण दोघेही गळाबद्दल बोलत आहात, मला आक्षेप आमिषावर आहे. मी सेंट लॉरेन्स नदीच्या काठी राहते. २००५ मध्ये व्हीएचएस या माशांच्या विषाणूजन्य आजाराने या नदीत मोठमोठे मस्की मेले, आणि मस्कीची मादी ४० इंचांची व्हायला कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे ती जागा पटकन भरून निघत नाही. हा आजार एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाण्याचा एक मार्ग म्हणजे बादलीतले जिवंत मासे आणि त्यांचे पाणी. लाकडी किंवा रबरी आमिषाने कमी मासे लागतील, पण ते बहुधा तोंडाच्या कडेलाच लागतात आणि बादलीचा प्रश्नच उरत नाही. एका माशाला रबराने बांधून दुसऱ्यासमोर सोडणे मला तसेही जड जाते, हेही प्रामाणिकपणे सांगते.

नदीकाठ

थंडपाणीताई, बादलीचा मुद्दा आपण मांडलात हे बरे झाले, कारण माझ्या मूळ लेखनात तो यायलाच हवा होता. मी सकर परवानाधारक दुकानातूनच घेतो, आणि उरलेले सकर किंवा बादलीचे पाणी कधीही नदीत सोडत नाही. बांधलेल्या सकराबद्दल आपल्याला जे वाटते त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र नोव्हेंबरच्या पाण्यात खोल डोहाच्या तळाशी बसलेला मस्की लाकडी आमिषाकडे बहुतेक वेळा ढुंकूनही पाहत नाही.

गरीवाला, झोळाचा मुद्दा रास्त आहे. माझा उपाय असा: रीळचा क्लिकर, म्हणजे दोरी सुटू लागली की वाजणारा खटका, चालू ठेवावा. सकर घाबरला की क्लिकर आधी तुटक टिकटिकतो, आणि मस्कीने धरताच सलग कुरकुरतो. त्या क्षणी वल्ही मारून नाव माशाच्या जवळ न्यावी, सैल दोरी गुंडाळून घ्यावी, आणि मासा ज्या दिशेला चालला असेल तिच्या उलट बाजूला गळाची काठी जोरात ओढावी. हे सगळे अर्ध्या मिनिटात होते, एकटा माणूसही करू शकतो.

गरीवाला

अर्ध्या मिनिटात वल्ही, रीळ आणि काठी सांभाळणे मला प्रवाहात एकट्याला जमलेले नाही. येत्या मोसमात दहा इंचांच्या सकराला आपल्या जोडणीतला एकच तिहेरी गळ, पाठीच्या परापाशी रबराने बांधून, लावून पाहतो. सकर नाकानेच धरीन, ते आपले म्हणणे मला पटले आहे.