हिरवा त्रिकोण आणि द्राक्षतोडणी
भाऊ, तुम्ही विचारता, ‘कीटकनाशकाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण आहे, मग निफाडच्या बागेत तोडणीच्या तोंडावर मारलं तर काय बिघडतं?’ इथेच घोळ आहे. हा रंग मुख्यतः उंदरांना एकदाच पाजलेल्या मात्रेवरून ठरतो. निम्मे उंदीर मरायला किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत लागलं तर लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, पुढे हिरवा. निरीक्षण साधारण 14 दिवसांचं. रोज थोडा अंश पोटात गेल्यास काय, हे त्यात दिसतच नाही. त्यासाठी 90 दिवस, पुढे दोन वर्षं खाद्यातून देतात. माणसाला रोज किती चालेल हे काढायला अपाय न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा सहसा 100 ने भागतात: 10 पट उंदीर-माणूस फरकासाठी, 10 पट माणसामाणसांतल्या. तोडणीआधी किती दिवस थांबायचं, ते माहितीपत्रकात वेगळं छापलेलं असतं, तेच वाचा.