प्रतिसाद: चार्लीच्या हातातलं काम

मरणावरच्या व्हिडिओ गेमबद्दल ‘मरणाचा कसला खेळ करता?’ असं वर कोणीतरी विचारलंय, म्हणून लिहिते. ‘अ मॉर्टिशियन्स टेल’ मी दोनदा खेळले. टोरंटोच्या लाँड्री बेअर गेम्सचा २०१७ चा हा छोटा गेम, तासाभरात संपतो. चार्ली नावाची मुलगी अंत्यविधी करणाऱ्या एका घरगुती संस्थेत कामाला लागते. प्रेत धुणं, डोळे मिटवणं, जबडा बांधणं, प्रेत टिकावं म्हणून रक्त काढून औषध भरणं, सगळं आपल्या हातून होतं. पुढे मोठी कंपनी ती संस्था विकत घेते आणि चार्लीला येणाऱ्या ईमेलमधली भाषाच बदलते. माणसं जाऊन पॅकेजं येतात. मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

आम्ही फोंड्याचे. आजी गेली तेव्हा संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. आई नि काकी आजीला न्हाऊ घालत होत्या, मला मात्र दाराबाहेर उभं केलं. शेजारच्या मावशीकडे वेगळं होतं. मुलगा आखातातून येईपर्यंत त्यांच्या यजमानांना शवागारात ठेवलं होतं. मग सूट घालून, केस विंचरून घरी आणलं. ते कोणी केलं, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

गेममध्ये काम संपलं की चार्ली अंत्यदर्शनाला जाते, नातेवाइकांचं बोलणं ऐकते, शवपेटीपुढे मान झुकवते. तिथे माझे डोळे भरून आले. आजीच्या कपाळाला मला शेवटचा हात लावायचा होता. घरातल्या मुलींना त्या खोलीत येऊ द्या हो.