न्यू जर्सीत आईचं ऑपरेशन: मराठी दुभाषी मिळतो का?

रेवा_एडिसन: आईच्या गुडघ्याचा सांधा बदलायचा आहे. तिला इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम. हॉस्पिटल मराठी दुभाषी देतं का? पैसे कोण भरतं? की मीच सांगितलं तर चालेल?

विदुला: देतं, आणि फुकट. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्यांचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांवर १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७ यांमुळे ते बंधनकारक आहे. आईंचा विमा कुठला, याचा संबंध नाही. नोंदणी करतानाच भाषा 'मराठी' लिहायला लावा, नाहीतर हिंदीचा दुभाषी जोडून देतात आणि आई भिडेखातर 'हो हो' म्हणत राहतात. मराठीसाठी बहुधा फोन किंवा व्हिडिओच असतो. कमी ऐकू येत असेल तर व्हिडिओच मागा.

सुहास (दुभाषी): रेवाताई, तुम्ही दुभाषी होऊ नका. घरचा माणूस गाळतो, तेही मायेपोटी. 'पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते' याचं 'थोडा धोका असतो' होतं आणि आई त्यावर सही करतात. उलटही होतं: 'छातीत धडधडतं' हे 'तिचं नेहमीचंच' म्हणून डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.

संमतिपत्र, भूलतज्ज्ञांची भेट आणि डिस्चार्ज, या वेळी दुभाषी हवाच. डॉक्टरांनी एक-दोन वाक्यांनंतर थांबायचं, आईंकडे बघून बोलायचं. दुभाषी रुग्णाच्या वतीने 'मी' म्हणूनच बोलतो, आणि खोलीत तुम्ही मायलेकी जे बोलाल तेही तो इंग्रजीत सांगतो. राग मानू नका. मान हलवणं म्हणजे समजणं नव्हे. रक्त पातळ करायची गोळी कधी, किती दिवस घ्यायची, हे शेवटी आईंच्याच तोंडून वदवून घ्या.

रेवा_एडिसन: मग माझं काम काय?

फार्मसीवाला: औषधांची यादी! दुभाषी 'क्रोसिन'ला 'क्रोसिन'च म्हणणार, आणि इथल्या नर्सला ते नाव माहीत नसतं. डबीवरचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहा. आपलं पॅरासिटामॉल म्हणजे इथलं असिटॅमिनोफेन. ऑपरेशननंतरच्या काही वेदनाशामक गोळ्यांत ते आधीच असतं. वर घरून आणलेली डोलो ६५०, म्हणजे पॅरासिटामॉलच, घेतली की दिवसाची ४००० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा नकळत ओलांडली जाऊ शकते आणि यकृताला इजा होऊ शकते. काढे, चूर्णंही लिहा. आणि तारखा अक्षरी लिहा: ५/८ इथे ८ मे.