धर्माची भिंत पडली, बाईपणाची?

वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेत अध्यक्ष निवडताना धर्म कधी आड आला नाही, फक्त बाईपण आलं. पहिला भाग पटत नाही. १९२८ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार अल स्मिथ हरले तेव्हा त्यांच्या कॅथलिक असण्याविरुद्ध उघड प्रचार झाला होता. १९६० मध्ये केनेडींना, तेही कॅथलिक, ह्यूस्टनला प्रॉटेस्टंट धर्मगुरूंसमोर उभं राहून सांगावं लागलं की माझे निर्णय चर्च घेणार नाही. तेव्हा कुठे थोडक्यात निवडून आले. आणि २०२० मध्ये बायडन आले, तेही कॅथलिक, पण त्याची फारशी चर्चाही झाली नाही. म्हणजे ती भिंत पडायला साठेक वर्षं लागली.

बाईची मात्र अजून उभी आहे. हिलरी क्लिंटन यांना २०१६ मध्ये सुमारे २८ लाख मतं जास्त पडूनही इलेक्टोरल कॉलेजने, म्हणजे राज्यवार निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी, हरवलं, त्यामुळे त्या हारीचा दोष सगळा बाईपणाला देता येत नाही हे मान्य. पण त्यांचा आवाज, हसणं, कपडे यांवर जेवढं बोललं गेलं तेवढं कुठल्या पुरुषाबद्दल बोललं गेलं?

आमच्या नागपुरात महापालिकेच्या प्रचारात मी स्वतः फिरले आहे. निम्मे वॉर्ड बायकांसाठी राखीव, तरी दारात पहिला प्रश्न यायचा, "तुमचे मिस्टर काय करतात?" आपल्याकडे प्रतिभाताई २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, पण ती निवड आमदार-खासदारांची. दारोदार जाऊन मत मागणं वेगळं, आणि तिथेच बाईची खरी परीक्षा होते.