दुर्गाबाई व्याम यांची चित्रपुस्तके : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : शालेय ग्रंथपाल

नमस्कार. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात दर महिन्याला एका चित्रकाराची पुस्तके मुलांसमोर मांडण्याचा उपक्रम चालतो. पुढच्या महिन्यासाठी मी मध्य प्रदेशातील गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम यांची निवड केली आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा वृत्तपत्रांत बरेच छापून आले, पण बहुतेक बातम्यांचा भर त्यांच्या गरिबीवर आणि त्यांना शाळेत जाता आले नाही यावर होता. पुस्तकांसाठी त्यांनी नेमके काय केले, हे त्यातून कळेना. माझ्या एका सहकारी शिक्षिकेचे म्हणणे असे की गोंड चित्रकला ही मुळात भिंतीवरची कला आहे आणि पुस्तकाच्या पानावर आली की तिची नुसती सजावट होते, ती मुलांना गोष्ट सांगत नाही. मला हे पटत नाही. कोणती पुस्तके घ्यावीत, कोणत्या इयत्तेला दाखवावीत आणि त्यांत काय पाहावे, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : चित्रकला शिक्षक

आपल्या सहकारी शिक्षिकेच्या शंकेचा पहिला भाग खरा आहे. मंडला जिल्ह्यातील बुरबासपूर हे दुर्गाबाईंचे गाव, आणि लग्नकार्यात व सणावाराला भिंतींवर आणि सारवलेल्या जमिनीवर काढायची ‘डिगणा’ ही भौमितिक नक्षी त्या लहानपणीच शिकल्या. गोंडांची चित्रे भिंतीवरून कागदावर आणण्याची वाट जनगढसिंह श्याम यांनी १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात घालून दिली. ते दुर्गाबाईंच्या नणंदेचे यजमान, त्यामुळे दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांना ही वाट घरातच सापडली. या परंपरेत प्रत्येक चित्रकाराचे आकृती भरण्याचे ठिपके आणि रेघा स्वतंत्र असतात. जाणकार त्या भरणावरूनच चित्र कोणाचे ते ओळखतात.

शंकेचा दुसरा भाग मात्र पुस्तके पाहिल्यावर टिकणार नाही. अगदी लहान मुलांसाठी ‘वन, टू, ट्री!’ घ्या. चेन्नईच्या तारा बुक्सने २००३ साली काढलेल्या या अंकपुस्तकात एकाच झाडावर एकामागून एक प्राणी येत राहतात, आणि आता पुढचे कोठे मावणार ही उत्सुकता मुलाला पान उलटायला लावते. ही उत्सुकता शब्दांइतकीच चित्रही निर्माण करते, आणि चित्रपुस्तकाच्या चित्रकाराचे काम याहून वेगळे ते काय असते? मोठ्या मुलींना बंगाली लेखिका रुकैया सखावत हुसेन यांची १९०५ सालची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही कथा दुर्गाबाईंच्या चित्रांसह जरूर द्यावी. पुरुष पडद्याआड आणि स्त्रिया राज्यकारभारात, अशी ती कल्पना आहे.

उत्तर : एक वाचक

‘भीमायन’चा उल्लेख राहून गेला, आणि महाराष्ट्रातील मुलांसाठी माझ्या मते तेच सर्वांत जवळचे पुस्तक आहे. नवयान प्रकाशनाने २०११ साली काढलेल्या या चित्रमय चरित्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना भोगावी लागलेली अस्पृश्यता दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या दोघांनी मिळून चितारली आहे. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे आहेत. चित्रकथेत सहसा असतात त्या चौकटी या दांपत्याने नाकारल्या आणि पानाचे भाग पाडण्यासाठी वळत जाणारी डिगणाची नक्षी वापरली. आपल्या सहकारी शिक्षिकेला सजावट वाटते ती नक्षी येथे कथनाची रचना सांभाळते.

संवादांचे फुगे तर मुलांना आवर्जून दाखवावेत. सौम्य बोलणाऱ्यांचे आणि अन्याय सोसणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, तर जातीचा विखार ओकणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. वाचता न येणाऱ्या मुलालाही कोणाचे बोलणे डंख मारते ते कळते. आगगाडी सापासारखी वळत जाते. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाच्या प्रसंगी बाबासाहेबांच्या भाषणाचे ध्वनिक्षेपक पाण्याचे फवारे होतात. चवदार तळ्याचे पाणी नाकारले गेलेल्या लोकांवर शब्दच पाणी होऊन बरसतात, हे ज्याला सुचले त्याला गोष्ट सांगता येत नाही असे कोण म्हणेल?

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ‘भीमायन’ पाचवीच्या मुलांना चालेल का? आणि ज्या पुस्तकाला परदेशात पुरस्कार मिळाला ते कोणते?

उत्तर : बालसाहित्याची अभ्यासक

‘भीमायन’ मी सातवीच्या पुढे ठेवीन, कारण त्यात आजच्या काळातील जातीय अत्याचारांचेही उल्लेख आहेत आणि त्यांवर वर्गात बोलायला शिक्षकांची तयारी असली पाहिजे. पाचवीला हवे असल्यास त्यातील बाबासाहेबांचा बालपणीचा प्रवास तेवढा वाचून दाखवावा. मसूर स्थानकावर उतरलेल्या लहानग्या बाबासाहेबांना आणि त्यांच्या सोबतच्या मुलांना, त्यांची जात कळताच, कोणी गाडीवान नेईना, आणि अखेर दुप्पट भाडे घेऊन गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक जण तयार झाला, हा प्रसंग त्या वयाच्या मुलांना नीट समजतो.

पुरस्काराचे पुस्तक म्हणजे ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’. बालपुस्तकांच्या इटलीतील बोलोन्या येथील आंतरराष्ट्रीय मेळाव्यात त्याला २००८ साली ‘न्यू होरायझन्स’ विभागाचा बोलोन्या रागात्सी पुरस्कार मिळाला. ते एकट्या दुर्गाबाईंचे नाही. भज्जू श्याम आणि रामसिंह उर्वेती या गोंड चित्रकारांचीही चित्रे त्यात आहेत, तेव्हा फलकावर तिघांची नावे लिहावीत. यात सलग गोष्ट नाही, त्यामुळे ते एका बैठकीत संपवू नये. दिवसा सावली आणि आसरा देणाऱ्या झाडांचे खरे रूप रात्री प्रकटते, या गोंड श्रद्धेभोवती प्रत्येक झाड स्वतंत्र मांडलेले आहे. हातकागदाच्या काळ्या पानांवर स्क्रीन प्रिंटिंगने एकेक रंग वेगळा छापलेला असल्याने रंगाचा थर बोटाला जाणवतो. मुलांना, हात स्वच्छ धुवून, तो स्पर्श अवश्य घेऊ द्यावा. पुस्तक महाग आहे, म्हणून घरी न देता ग्रंथालयातच पाहायला ठेवावे.

एक विनंती. उपक्रमाच्या शेवटी मुलांकडून गोंड हरीण किंवा मोर गिरवून घेऊ नये. त्याऐवजी रागावलेल्या, घाबरलेल्या आणि लाडाने बोलणाऱ्या माणसाच्या संवादाचा फुगा कोणत्या प्राण्याचा असेल ते त्यांनी स्वतः ठरवून काढावे.